सीरम २ हा नवा सॉफ्टवेअर सिंथ वादकांना पहिल्या वापरात कसा वाटला? ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्याने घ्यावा का?

मी ठाण्यात खारीगावला राहतो. वीसेक वर्षं कीबोर्ड वाजवतोय. आगरी-कोळी हळदी, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, अधूनमधून एकांकिकांचं पार्श्वसंगीत, असं माझं काम. त्यामुळे पुढचं सगळं स्टेजवर उभं राहून वाजवणाऱ्याच्या कानाने ऐकलेलं आहे. घरी हेडफोन लावून ट्रॅक बनवणारा माणूस तुम्हाला जवळजवळ उलटं सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसेल.

सीरम ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्सफर रेकॉर्ड्स या कंपनीच्या स्टीव्ह ड्यूडा यांनी पहिला सीरम २०१४ मध्ये आणला. सिंथ म्हणजे आवाज मुळापासून घडवून वाजवायचं वाद्य, इथे ते लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आहे. सीरम हा वेव्हटेबल सिंथ. स्वराच्या एकेका आवर्तनाचं चित्र काढायचं आणि अशी चित्रं एकामागे एक लावून वही शिवायची, ती वही म्हणजे वेव्हटेबल. सीरमच्या वहीत २५६ पानं मावतात आणि प्रत्येक पानावर २०४८ बिंदू असतात. स्वर धरून पानं उलटत गेलात की टोनचा रंग बदलत जातो. कल्पना जुनीच, जर्मनीत वोल्फगांग पाम यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती वाद्यात उतरवली होती. सीरममध्ये ती डोळ्यांना दिसते, एवढ्या एका गोष्टीवर माझ्यासारखे शेकडो लोक आवाज घडवायला शिकले. सीरम २ मार्च २०२५ मध्ये आला आणि ज्यांच्याकडे पहिला विकत घेतलेला होता त्यांना फुकट मिळाला. (विकत घेतलेला. आपल्याकडे निम्म्या लॅपटॉपवर जो आहे, तो नाही.)

आमची तालीम घणसोली गावात एका मित्राच्या घरामागच्या खोलीत चालते. सीरम २ बाजारात आला त्याच्या पहिल्या आठवड्यात मी लॅपटॉप आणि ४९ कळांचा मिडी कीबोर्ड (याला स्वतःचा आवाज नसतो, कुठली कळ दाबली एवढंच तो लॅपटॉपला कळवतो) घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलने तिथे गेलो. ज्याला वाजवायचंय त्याने वाजवा, म्हटलं.

भाचा आधी बसला. तो ऐरोलीत शिकतो आणि फावल्या वेळात बीट बनवतो. पाऊण तासात त्याने सीरममध्ये भरून आलेले दोन-अडीचशे तयार टोन पालथे घातले आणि निकाल दिला, "मामा, खतरनाक आहे." या सगळ्या वेळात त्याने एकही नॉब हलवला नव्हता. नव्या सिंथचं पहिलं मत म्हणून तुम्ही जे काही ऐकता त्यातलं बरंचसं असंच असतं. ते टोन बनवणाऱ्यांबद्दलचं मत असतं, वाद्याबद्दलचं नव्हे. टोन बनवणारे या बाबतीत तयारीचे आहेत यात शंका नाही. एक कळ दाबली की चार स्वरांचा कॉर्ड, त्याखाली गुरगुरणारा बास, वर रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा, धुरळा. दोन हातांनी वाजवायला शिल्लक काहीच राहत नाही.

आमच्या ऑक्टोपॅडवाल्या दादाने एकच प्रश्न विचारला, "यात सनई कुठाय?" नाही. सनई नाही, बेंजो नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. भारतासाठी काढलेल्या साध्या अरेंजर (तयार ठेका-साथ देणाऱ्या) कीबोर्डातही हे टोन भरून येतात, वीस हजारांच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. दादाच्या लेखी विषय तिथेच संपला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, पण हळदीला वाजवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. नवरीच्या अंगणात सहा-आठचा ठेका सुरू झाल्यावर लोकांना सनईचा पंचम हवा असतो, डबस्टेपचा बास नको असतो.

तिसरं मत पेटीवाल्या काकांचं. त्यांना मुद्दाम बोलावलं नव्हतं, ते चहाला आले होते. मी एक साधा गोल टोन लावून दिला. एका ऑसिलेटरवर (सिंथमधला मूळ आवाज काढणारा भाग) दोन-चार हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर), बाकी काही नाही. त्यांनी मोबाइलवर तानपुरा सुरू केला, पांढरी एकचा सा धरला, गंधारावर आले आणि थांबले.
"हा चढा आहे."
"काका, पेटीचाही तेवढाच चढा असतो."
"पेटीला मी सवयीने माफ करतो. हा कॉम्प्युटर आहे ना?"

बरोबर होतं. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो तो सा पासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डाचा ४०० वर (कीबोर्डाच्या लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट). चौदा सेंटचा फरक. भरलेल्या ऑर्केस्ट्रात कुणालाही कळत नाही, पण तानपुऱ्यासमोर एकटा गोल टोन ठेवलात की तो टोचतो. सीरममध्ये ट्यूनिंगची फाइल चढवता येते. मी घरी जाऊन एक बनवली, गंधार आणि धैवत उतरवले आणि पुढच्या रविवारी काकांना ऐकवलं. त्यानंतर दीड तास लॅपटॉप माझ्या हाती आला नाही. एक अडचण तेव्हाच लक्षात आली. फाइल एका सा ला बांधलेली असते. गायिका ऐनवेळी "काळी चार घ्या" म्हणाली तर पांढरी एकसाठी उतरवलेला गंधार भलत्याच स्वराच्या जागी जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक पट्टीची वेगळी फाइल करून ठेवावी लागते. निव्वळ ट्यूनिंगसाठीच सिंथ हवा असेल तर सर्ज एक्सटी हे दुसरं सॉफ्टवेअर पाहा, ते फुकट आहे आणि त्यातली सोय जास्त मोकळी आहे.

मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) बेंडरवर, म्हणजे स्वर वर-खाली ओढायच्या चाकावर, छान निघते. मिडीमध्ये बेंडरला १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे तुटक वाटत नाही. मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो (स्वर न तोडता जोडणं) चालू करा, बेंड दोन अर्धस्वरांवर (सेमीटोन) ठेवा, रिषभ दाबून चाक शेवटपर्यंत न्या, गंधार हाती लागतो. आंदोलनासाठी, म्हणजे स्वर हळू झुलवण्यासाठी, मी हाताने काढलेला एलएफओ (स्वर आपोआप हलवत ठेवणारी संथ लाट) लावून पाहिला. दरबारीचा कोमल गंधार ऐकून काका म्हणाले, "हा पंखा फिरतोय." ठरावीक वेळाने सारखंच हलणारं काही आंदोलन होत नाही. मग एलएफओची खोली मॉड्युलेशनच्या चाकावर दिली आणि हाताने कमी-जास्त केली, तेव्हा काका नुसते हुं म्हणाले. त्यांच्याकडून हे पुष्कळ झालं.

आता स्टेज. सीरम २ घेऊन मी पहिली हळद वाजवली ती घणसोलीतच. घरी हेडफोनवर जे टोन अंगावर यायचे ते तिथे अक्षरशः पातळ झाले. कारण साधं आहे. हळदीचा साउंडवाला सगळं मोनोत सोडतो, डावं-उजवं एकत्र. सिंथच्या रुंद टोनमध्ये एकाच स्वराच्या सात-सात किंचित बेसूर प्रती डावीकडे-उजवीकडे पसरलेल्या असतात. त्या एकाच नळीतून काढल्या की एकमेकींना खातात. उरतो तो कोरडा सांगाडा. नवा सिंथ घेतल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. आउटपुट मोनो करा, रिव्हर्ब-डिले बंद करा, युनिसन (त्या प्रतींची संख्या) एकवर आणा आणि मग टोन ऐका. त्या अवस्थेत जे दहा-बारा बरे वाटतील तेच तुमचे.

त्याच रात्री दुसरी गंमत झाली. ऐन रंगात कुणा मामांनी फोन चार्जिंगला लावायला माझा प्लग काढला. लॅपटॉप बॅटरीवर गेला, विंडोजने वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवला आणि मुख्य धून वाजवणाऱ्या टोनमधून कर्र-कर्र सुरू झालं. चूक माझीच, पॉवर सेटिंग बदलून ठेवायला हवं होतं. दादाने दोन मिनिटं नुसत्या ऑक्टोपॅडवर किल्ला लढवला, तोवर मी साधा हार्डवेअर कीबोर्ड पुढे ओढला. पब्लिकला काही कळलं नाही. दादा मात्र अजून ऐकवतो.

माझा लॅपटॉप जुना आहे, आठ जीबी रॅमचा. पहिल्या सीरमच्या मानाने दुसरा त्याच्याकडून जास्त काम मागतो, विशेषतः तिन्ही ऑसिलेटर आणि नवे इफेक्ट एकदम लावले तर. बफर, म्हणजे आवाजाचे जेवढे नमुने साठवून लॅपटॉप एका दमात बाहेर सोडतो तो आकडा, २५६ वर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) साधारण ६ मिलिसेकंदांचा उशीर पडतो, ५१२ वर १२ च्या आसपास. बारा म्हणजे किती? आवाज हवेतून एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे स्पीकरपासून चार मीटर लांब उभं राहिल्यासारखं. स्टेजवर स्पीकर आधीच तेवढा लांब असतो आणि यूएसबीचा, साउंड कार्डचा उशीर वेगळाच. सगळं मिळून कोळी ठेक्यावरच्या जलद तानांना हात मागे पडल्याचं जाणवतं. संथ पॅडला, म्हणजे मागे धरून ठेवायच्या स्वरांना, काही फरक पडत नाही. पाच-सहा हजारांचं साधं ऑडिओ इंटरफेस घेतलं तरी हा त्रास बराच कमी होतो, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वाजवू नका.

एवढं सगळं सांगूनही मी तो ठेवलाय, त्याला कारण ग्रॅन्युलर ऑसिलेटर. पहिल्या सीरममध्ये हा नव्हता. कुठलाही रेकॉर्ड केलेला आवाज त्यात ओढून टाकायचा, तो त्याचे बारीक बारीक कण करतो आणि ते कण तुम्ही म्हणाल तेवढे पसरून वाजवतो. एका लग्नात सनईवाल्याने सूर लावताना धरलेला एक पंचम मी फोनवर टिपला होता. चार सेकंद, मागे भांड्यांचा आवाज, एक लहान मूल रडतंय. तो आत टाकला, कणांची लांबी वाढवली, वाचायची जागा अगदी हळू सरकत ठेवली. जे बाहेर आलं ते सनई होतं आणि नव्हतंही. लग्न संपल्यावर मंडप उतरवताना दूर कुठेतरी वाजत राहावी तशी सनई. घाणेकर नाट्यगृहात झालेल्या एका एकांकिकेत शेवटच्या प्रवेशाखाली तोच एक स्वर साडेतीन मिनिटं धरला होता. दिग्दर्शकाने विचारलं, हा कुठला टोन? मी म्हटलं, कळंब्याच्या लग्नातला. दादाला मुद्दाम नेऊन ऐकवलं. तो म्हणाला, "आता आली सनई."

त्यानंतर मल्टिसॅम्पल ऑसिलेटरवर (यात कळेगणिक वेगळं रेकॉर्डिंग लावता येतं) मी आमचा बेंजो भरायला घेतला. कुठलं रेकॉर्डिंग कुठल्या कळेला हे लिहिलेली एसएफझेड प्रकारची फाइल त्यात चालते. सतरा कळा, प्रत्येक हलकी आणि जोरात अशी दोनदा. दोन रविवार गेले, अजून पूर्ण झालेला नाही. खोलीच्या मागून कुणी ना कुणी गाडी रिव्हर्स घेतं आणि तिचं गाणं रेकॉर्डिंगमध्ये येतं.

पैशांचं. किंमत २४९ डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. हळदीच्या आणि ऑर्केस्ट्राच्या कामासाठी विचारत असाल तर घेऊ नका. त्या पैशांत इंटरफेस आणि चांगलं स्टँड घ्या, उरलेल्यात एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि त्याचा प्लग चिकटपट्टीने बांधा. वेव्हटेबल म्हणजे काय ते हाताला कळावं म्हणून व्हायटल हा सिंथ उतरवा, २०२० पासून त्याची मूळ आवृत्ती फुकट आहे. त्यात सहा महिने स्वतः टोन बनवलेत आणि तरीही हात अडला, तर सीरम. नाटकाचं किंवा शॉर्ट फिल्मचं काम करत असाल तर इतकं थांबू नका, ग्रॅन्युलरसाठी लगेच घ्या. आणि घेतलात तर फोनवर टिपलेला एखादा आवाज आधीच जवळ ठेवा, टोनची यादी नंतर उघडा.