सॅग१ काढलं, तरी प्लेटवर मेटिंग होतंच: डिलीशन फसलं का?

यीस्टचे ए आणि अल्फा असे दोन मेटिंग प्रकार असतात. तुम्ही अल्फा स्ट्रेनमधलं सॅग१, म्हणजे ए पेशीला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक, काढलंत, तरी प्लेटवर डिप्लॉइड (दोघींच्या मिलनातून बनणाऱ्या पेशी) नेहमीइतकेच आले, म्हणून डिलीशनवर शंका घेताय. डिलीशन तपासणारा पीसीआर बरोबर असेल तर ती शंका सोडा. हा स्ट्रेन असाच वागायला हवा.

अ‍ॅगरवर पेशी एकमेकींना खेटूनच बसलेल्या असतात. तिथे धरून ठेवायला वेगळं प्रथिन लागतच नाही. फेरोमोन (जोडीदार पेशीने सोडलेला रासायनिक संकेत) ओळखणं, त्या दिशेने वाढणं, पेशीभित्तिका विरघळवणं ही कामं इतर प्रथिनांची आहेत आणि ती शाबूत आहेत. फरक कळतो तो शेकरवर, म्हणजे हलत्या द्रवात. ए आणि अल्फा दोन्ही स्ट्रेन लॉग फेजमध्ये (जोमाने वाढत) असताना सारख्या संख्येने वायपीडी या द्रव माध्यमात मिसळा, फ्लास्क चांगला हलता ठेवा आणि काही तासांनी सिलेक्शन प्लेटवर (जिथे फक्त डिप्लॉइड वाढतात) पसरा. त्याच मिश्रणाचा थोडा भाग फिल्टरवर गाळून प्लेटवर ठेवा. हा कंट्रोल अजिबात चुकवू नका. फिल्टरवर मेटिंग जवळजवळ नॉर्मल आणि फ्लास्कमध्ये डिप्लॉइड कित्येक पटींनी कमी, असं दिसलं की उत्तर मिळालं.

ए पेशीची बाजू मला जास्त सुंदर वाटते. तिथे दोन तुकडे असतात. अगा१ भित्तिकेत पक्कं रोवलेलं, आणि त्याला दोन डायसल्फाइड बंधांनी जोडलेलं अगा२. हे अगा२ जेमतेम ६९ अमिनो आम्लांचं, पण सॅग१ला पकडतं ते त्याचंच सी-टोक. डीटीटी हे रसायन घातलं की बंध तुटतात आणि अगा२ सुटून द्रावणात येतं. बोडर आणि विट्रप यांनी १९९७ साली याच जोडीवर यीस्ट सरफेस डिस्प्ले उभा केला: हवं ते प्रथिन अगा२ला जोडायचं, ते पेशीच्या बाहेर दिसतं. पुढे २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने मूळ पकड काढून तिच्या जागी एकमेकांना चिकटणारी भलतीच प्रथिनं बसवली, आणि द्रवातलं मेटिंग परत आलं. सॅग१चं काम फक्त धरून ठेवण्याचं आहे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणखी एक. फ्लास्कमध्ये गठ्ठे दिसले म्हणजे ते मेटिंगचेच, असं धरू नका. स्ट्रेन एस२८८सी या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या यीस्टच्या घराण्यातला असेल तर फ्लो८ हे जनुक मुळातच बिघडलेलं असतं, त्यामुळे फ्लॉक्युलेशनची (मेटिंगशिवायच पेशींचे गठ्ठे होण्याची) भीती कमी. दुसरा कुठला असेल तर थोडं ईडीटीए (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) घालून बघा. फ्लॉक्युलेशनला कॅल्शियम लागतं, ते गठ्ठे लगेच मोकळे होतात.