साडेतीन तासांचं घरचं रेकॉर्डिंग एकाच साध्या डीव्हीडीवर बसेल का?

बसेल, पण बघवेल का ते आधी बघू. तुम्ही लिहिलंय की मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या टेपा कॉम्प्युटरवर घेतल्यात, साडेतीन तासांचं रेकॉर्डिंग आहे, फाइली ४५ जीबीच्या झाल्यात आणि डिस्क आहे ४.७ जीबीची. तर पहिलं म्हणजे ते ४५ जीबी डोक्यातून काढून टाका. डीव्ही, म्हणजे या टेपांवरचा फॉरमॅट, तासाला साधारण १३ जीबी खातोच, आणि टीव्हीखालच्या प्लेयरवर चालणारी डिस्क हवी असेल तर त्याचं एमपेग-२ (डीव्हीडीवरच्या व्हिडिओचा फॉरमॅट) करावंच लागतं, त्यामुळे मूळ फाइल केवढी होती याचा पुढे काही संबंध उरत नाही. जागा किती लागणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, रेकॉर्डिंग किती वेळाचं आहे आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा, किती ठेवलाय. (आणि ४.७ म्हणतात ते हजाराच्या हिशोबाने, विंडोजचा कॉम्प्युटर १०२४ ने मोजतो म्हणून तिथे ४.३७ च्या आसपास दिसतं, डिस्क खराब नाहीये.)

हिशोब सोपा आहे. मेनू वगैरेसाठी थोडी जागा सोडून ३,६०,००,००० किलोबिट हा आकडा धरा, त्याला एकूण सेकंदांनी भागा, जे येईल तो एकूण बिटरेट केबीपीएसमध्ये (सेकंदाला किलोबिट), त्यातून ऑडिओचा वजा करा. तुमचे साडेतीन तास म्हणजे १२,६०० सेकंद, भागाकार येतो २,८५७ च्या जवळपास, ऑडिओ एसी-३ मध्ये (कॉम्प्रेस केलेला) १९२ वर ठेवला तर व्हिडिओला उरतात साधारण २,६६५. हाच ऑडिओ प्रोग्रामने न विचारता पीसीएममध्ये (कॉम्प्रेस न करता) ठेवला तर तो एकटाच १,५३६ घेतो आणि चित्राला निम्मेच उरतात, म्हणून ऑडिओची सेटिंग आधी उघडून बघा, बरेच जण नुसती व्हिडिओची क्वालिटी वरखाली करत बसतात आणि इकडे लक्षच जात नाही.

आता २,६६५ वर पूर्ण ७२० बाय ५७६ पिक्सेलचं चित्र कसं दिसेल? सिनेमाचं असतं तर कदाचित चाललं असतं, कारण तिथे कॅमेरा स्थिर, लाइट व्यवस्थित. घरचं रेकॉर्डिंग कॉम्प्रेस करायला फार अवघड असतं, कॅमेरा हातात, सारखा हलतोय, त्यात संध्याकाळी घरात काढलेलं असेल तर सगळीकडे बारीक दाणे. एन्कोडरला, म्हणजे कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामला, दाणा आणि चेहरा यातला फरक कळत नाही, दर फ्रेमला दाणे बदलतात आणि तो बिचारा सगळे बिट त्यांच्यावरच उधळतो. लहान मूल गवतावरून पळतंय आणि कॅमेरा त्याच्यामागे फिरतोय असा शॉट घ्या, कमी बिटरेटला गवताचे चौकोनी ठोकळे होतात आणि मुलाचा चेहरा पुसल्यासारखा होतो, आणि बघायचा असतो तो नेमका चेहराच.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन तासांच्या वर गेलं की दोन डिस्क करा. अर्धं अर्धं केलंत तर एका डिस्कवर पावणेदोन तास, आणि त्याच हिशोबाने व्हिडिओला साडेपाच हजारांच्या आसपास मिळतात, फरक लगेच डोळ्यांना दिसतो. तोडताना मात्र मिनिटं मोजून तोडू नका, एखादा प्रसंग संपतो तिथे तोडा.

एकच डिस्क हवी असा हट्टच असेल तर आधी कात्री चालवा. जमिनीचं शूटिंग, कॅमेरा चालू राहून गेलेला वेळ, तोच तोच प्रसंग, हे काढलं तरी बराच वेळ वाचतो. मग टू-पास व्हीबीआर (आधी सगळं तपासून मग बदलता बिटरेट) निवडा, म्हणजे शांत शॉटमधले वाचलेले बिट पळापळीच्या शॉटला मिळतात, वेळ जास्त लागतो पण लागू द्या. दाणे कमी करणारा डीनॉइज फिल्टर हलकासा लावा, जास्त लावलात तर चेहरे मेणाचे दिसतात. आणि रिझोल्यूशन ३५२ बाय ५७६ करून बघा, डीव्हीडीच्या नियमात ते बसतं, ठोकळ्यांपेक्षा थोडं मऊ चित्र केव्हाही परवडलं. जुन्या व्हीएचएसवरून घेतलेलं काही असेल तर तिथे तसेही आडवे बारकावे कमीच असतात, त्याला तर हेच बरं.

ड्युअल लेयर (दोन थरांची) डिस्क ८.५ जीबीची असते, तुमचं सगळं एकीवर नीट बसेल, फक्त काही जुने प्लेयर ती घेत नाहीत किंवा लेयर बदलताना क्षणभर थांबतात. आणि बघणाऱ्यांकडे प्लेयरच नसेल, कॉम्प्युटरवरच बघणार असतील तर एमपेग-२ च्या भानगडीत पडू नका, हँडब्रेक या प्रोग्राममध्ये एच.२६४ (एमपेग-२ पेक्षा नवा फॉरमॅट) ची एमपी४ फाइल करून डेटा डिस्क म्हणून टाका, तेवढ्याच जागेत चित्र कितीतरी चांगलं राहतं.

एक राहिलंच, फील्ड ऑर्डर. प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये वाटलेली असते, त्यातलं आधी कुठलं, ते म्हणजे ही ऑर्डर. डीव्हीमध्ये खालचं फील्ड आधी असतं, प्रोग्रामने उलटं धरलं तर टीव्हीवर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढेमागे थरथरते, आणि कॉम्प्युटरवर हे बऱ्याचदा कळतच नाही. म्हणून सगळ्यात जास्त हालचालीची दोन-तीन मिनिटं काढून आधी री-रायटेबल डिस्कवर टाका आणि टीव्हीवर लावून बघा, मगच पूर्ण एन्कोडिंगला लावा. मूळ डीव्ही फाइली हार्ड डिस्कवरून इतक्यात उडवू नका, डिस्कवर जातेय ती बारीक केलेली कॉपी आहे, तिच्यावरून पुन्हा चांगलं काही बनत नाही.