जुन्या जाहिराती बघ, पण तसं काम करू नकोस

इलेक्ट्रिशियनच्या हत्यारांच्या जुन्या जाहिराती जमवतोयस हे छानच. चित्रकारी सुंदर असते, मीही तासन्‌तास बघतो. पण त्यातून काम शिकू नकोस. ती चित्रं पक्कड विकण्यासाठी काढलेली असतात.

एखादं चित्र नीट बघ. उघडा पॅनल, बोटात अंगठी, गळ्यात टाय, आणि गडी हातातल्या वायरकडे न बघता आपल्याकडे बघून हसतोय! फेज आणि अर्थिंगच्या मध्ये अंगठी आली की शॉर्ट होतं, धातू क्षणात तापतो आणि बोट भाजून निघतं. म्हणून अंगठी, घड्याळ, कडं आधी काढून ठेव. शिडीही लाकडी किंवा फायबरचीच घे.

पकडीच्या मुठीवरचं रंगीत प्लॅस्टिक बघून फसू नकोस. बरेचदा ते फक्त पकड चांगली बसावी म्हणून असतं. आयईसी ६०९०० या, चालू विजेवरच्या कामाच्या हत्यारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनवलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट लिहिलेलं असतं. तसं हत्यार हातात असलं तरी सप्लाय बंद करायचाच.

त्या काळच्या काही हस्तपुस्तकांत तर बोट लावून व्होल्टेज तपासायची पद्धत दिली होती. तू मात्र मेन स्विच बंद कर, त्याला कुलूप लाव. मग टेस्टर आधी चालू लाइनवर तपास, नंतर तुझ्या वायरवर लाव आणि पुन्हा चालू लाइनवर बघ. ही तिसरी तपासणी बरेच जण गाळतात. मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल, तर चालू वायरही बंद वाटते.