सांगलीत नवीन फ्लॅटसाठी पाण्याचा फिल्टर कोणता घ्यावा: आरओ, यूव्ही की यूएफ?

तुमचा प्रश्न असा: विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय, नळाला महापालिकेचं पाणी येतं, सोसायटीची बोअरही आहे, घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, तर आरओ घ्यावा, यूव्ही की यूएफ, आणि कुठल्या कंपनीचा? त्यावर इथे बहुतेकांनी ‘घरात बाळ आहे ना, मग डोळे झाकून आरओ घ्या’ असं लिहिलंय. ते वाचून गप्प बसवेना.

डोळे झाकून काही घेऊ नका. आधी हे तिन्ही काय ते बघा: आरओ दाब देऊन पाणी मेंब्रेन नावाच्या अतिबारीक पडद्यातून ढकलतो आणि विरघळलेले क्षारही काढतो, यूव्ही अतिनील प्रकाशाने जंतू मारतो, आणि यूएफ बारीक छिद्रांच्या पडद्याने गाळ आणि बहुतेक जंतू अडवतो, क्षार नाही. नळाचं पाणी कृष्णेचं असेल आणि त्यात बोअरचं मिसळत नसेल, तर आरओ नको. यूएफ आणि यूव्ही एकत्र असलेलं साधं मशीन पुरतं. सरसकट आरओ विकणारे भीती विकतात, आणि ती भीती कशी तयार केली जाते ते मी माझ्या बहिणीच्या घरी समोर बसून बघितलंय.

मी कृष्णाकाठच्या एका पाणी योजनेच्या फिल्टर हाऊसवर ऑपरेटर होतो, आता रिटायर झालोय. पावसाळ्यात जॅकवेलमधून, म्हणजे नदीचं पाणी उचलायच्या विहिरीतून, पाणी वर यायचं ते चहासारखं लाल. ड्युटीवर आल्या आल्या पहिलं काम जार टेस्ट. ओळीने ठेवलेल्या भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत जायची आणि कुठल्या भांड्यात गाळ लवकर धरून खाली बसतो ते बघायचं. त्यावरून तुरटीचा डोस ठरायचा. वर धरणातून पाणी सोडलं की गढूळपणा तासातासाला बदलतो, मग रात्री दोन वाजताही परत टेस्ट. पुढे क्लॅरिफायर, म्हणजे गाळ खाली बसवायची टाकी, मग वाळूचे बेड, बेड तुंबला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं, आणि शेवटी क्लोरीन. लाईनीच्या अगदी टोकाच्या घरातही नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला पाहिजे, असा नियम आहे. क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) औषधाचे थेंब टाकले की पाण्याला पिवळा रंग आला पाहिजे. तुम्ही ज्या वासाला नाक मुरडता, तो वास म्हणजे पाणी वाटेत नासलं नाही याची खूण आहे.

आता अक्काच्या घरचं सांगतो. तिचं सासर गावभागात, म्हणजे नदीलगतच्या जुन्या सांगलीत. एका रविवारी जेवायला गेलो तर हॉलमध्ये टाय लावलेला एक पोरगा बसलेला. टेबलावर दोन ग्लास: एकात घरच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बरोबर आणलेलं आरओचं. त्याच्याकडे एक छोटं यंत्र होतं, प्लगला लावायचं, खाली सळ्या लोंबत होत्या, काही लोखंडाच्या, काही अ‍ॅल्युमिनियमच्या. दोन्ही ग्लासांत सळ्या बुडवून त्याने बटण दाबलं. बघता बघता नळाचं पाणी हिरवट झालं, मग काळपट, आणि वर गंजासारखा साका धरला. आरओचं पाणी जवळजवळ होतं तसंच राहिलं. पोरगा म्हणाला, ‘काका, ही सगळी घाण तुम्ही रोज पिताय.’

अक्काच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, दारात उभ्या राहून बघत होत्या. ‘अरे देवा, नातवंडांना हेच पाजलं की रे मी,’ एवढंच बोलल्या. आत गेल्या आणि सकाळी भरलेली तांब्याची कळशी मोरीत पालथी केली. ज्या पाण्यासाठी मी रात्री जागून काढल्या, ते पाणी त्या बाईने विष समजून ओतून दिलं. मला तिथेच बसून राहवेना.

मी पोराला विचारलं, हा साका आला कुठून? तो म्हणाला, पाण्यातून. मी म्हटलं, नाही, तुझ्या सळईतून. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडाची सळई झिजते आणि त्या लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरतेच उरतात, वीज जेमतेम वाहते, सळई झिजत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. दाजींच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना हे पटलेलं नाही. मग अक्काला मीठ आणायला सांगितलं. चिमूटभर मीठ त्या पोराच्या आरओच्या ग्लासात टाकलं, ढवळलं आणि म्हटलं, आता दाब बटण. नळाच्या पाण्यापेक्षा दाट साका आला. सळ्या वर काढून दाखवल्या, टोकाकडे झिजून बारीक झालेल्या होत्या. पोराने मुकाट्याने बॅग भरली. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला जे शिकवून पाठवलं तेच तो करत होता. तुमच्या दारात असा कुणी आला तर हा मिठाचा प्रयोग नक्की करा. फक्त सळ्या पाण्यात आणि प्लग चालू असताना ग्लासाला हात लावू नका.

पुढच्या वेळी गेलो तर भिंतीवर आरओ लागलेला होता. दाजी म्हणाले, ‘तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव. तुम्ही पंपाची बटणं दाबणारी माणसं, पाण्यातलं तुम्हाला काय कळतंय? सगळ्या गल्लीने आरओ घेतलाय, सगळे येडे आहेत काय?’ थोरल्या बहिणीचे यजमान, जेवणाच्या ताटावर बसलेले, मी उलट बोललो नाही. उत्तर इथे देतो, कारण तुम्हालाही तेच उपयोगी पडेल.

दाजींच्या नळाचं पाणी मी वेगवेगळ्या ऋतूंत मोजलंय. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, उन्हाळ्यातसुद्धा तीनशे मिलिग्रॅमच्या वर गेलेला मला दिसला नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते याच कारणाने. शिवाय दाजींच्या मशीनला टीडीएस कंट्रोलर आहे. कंट्रोलर म्हणजे काय, तर मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळणारा व्हॉल्व्ह. म्हणजे आधी चांगल्या पाण्यातले क्षार पैसे देऊन काढायचे आणि चव लागत नाही म्हणून तेच परत घालायचे.

आणि वाया जाणारं पाणी? घरगुती आरओ लिटरभर पाणी देताना साधारण तीन लिटर मोरीत सोडतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा आपल्या मिरज स्टेशनातून रेल्वेच्या टाक्या भरून कृष्णेचं पाणी गेलं. लातूरकरांनी ज्या पाण्याची वाट बघितली, तेच पाणी आपण ‘अशुद्ध’ म्हणून पाईपने गटारीला लावायचं, हे मला सहन होत नाही. अक्का बिचारी त्या पाईपखाली बादली लावते आणि फरशी पुसते, पण किती पुसणार?

अजून एक, हे कुठलाच विक्रेता सांगत नाही. क्लोरीनने आरओचा मेंब्रेन खराब होतो, म्हणून मशीन आधी कार्बनमधून पाणी नेऊन क्लोरीन काढून टाकतं. मग ते पाणी मशीनच्या टाकीत बसून राहतं आणि त्यात जंतू वाढू नयेत असं काही शिल्लक नसतं. चार दिवस गावाला जाऊन आलात तर ती टाकी पूर्ण रिकामी करूनच नवीन पाणी घ्या. यूव्हीच्या साठवण टाकीलाही हेच लागू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे अंदाज करा. गावभाग पाण्यात, दाजींचं सगळं घर माझ्याकडे. पाणी ओसरल्यावर त्यांच्याबरोबर साफसफाईला गेलो. आरओ वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, पण लाईट नाही, नळाला पाणी नाही, त्याचा उपयोग शून्य. जमिनीतल्या टाकीत गुडघाभर चिखल. मी आणि भाच्यांनी तो उपसला, टाकी घासली, ब्लीचिंगच्या पाण्याने धुतली, ते पाणी काढून टाकलं आणि टँकरचं पाणी भरून १००० लिटरला ५ ग्रॅम या हिशोबाने टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली. पावडर आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं. अर्धा तास थांबायचं. प्यायचं पाणी त्यावरही गॅसवर उकळत होतो, खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट. मावशींना त्या घाणीत राहूनही साधी हगवण लागली नाही. हे सगळं बटणं दाबणाऱ्या माणसाला कळत होतं.

आता तुमच्या फ्लॅटचं. खरी मेख तुमच्या बोअरमध्ये आहे. बऱ्याच सोसायट्यांत उन्हाळा लागला की बोअर आणि महापालिका एकाच जमिनीतल्या टाकीत सोडतात आणि फ्लॅटवाल्यांना पत्ताच नसतो. वॉचमनला विचारा. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या आणि तीन ठिकाणी मोजा: महापालिकेची लाईन टाकीत पडते तिथे, बोअरला, आणि तुमच्या ओट्यावरच्या नळाला. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल तर मी वर म्हटलं ते यूएफ-यूव्हीचं मशीन घ्या. दुसऱ्याकडे झुकत असेल तर पाणी मिसळतंय. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्यात आणि तिथल्या बोअर-विहिरींचं पाणी मचूळ लागतं. डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर, गिझरची कॉइल जाते. असं पाणी प्यायचं असेल तर आरओ लागतो, हे मी नाकारत नाही. जत, आटपाडीकडे ज्यांना बोअरशिवाय दुसरं काही नाही, त्यांना मी ‘आरओ घेऊ नका’ असं कधीच म्हणणार नाही.

बाळासाठी एक गोष्ट महत्त्वाची, ती आधीच लिहायला हवी होती. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत आणि कुठला क्षार किती तेही कळत नाही. बोअरचं पाणी घरात येत असेल तर सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि नायट्रेट, फ्लोराइड दोन्ही तपासून घ्या. नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी बाळाच्या दुधाच्या पावडरीत अजिबात वापरू नका. अंगाला निळेपणा येणारा आजार तान्ह्या बाळांना त्यातून होतो. आणि उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं प्रमाण उलट वाढतं. यूव्ही आणि यूएफही तिथे काही करू शकत नाहीत. फ्लोराइड १.५ च्या वर निघालं तरी हेच. अशा वेळी आरओ किंवा निव्वळ महापालिकेचं पाणी, तिसरा मार्ग नाही. आणि बाळाला देताना पाणी उकळूनच द्या, भिंतीवर काहीही लावलेलं असो.

यूव्हीबद्दल थोडक्यात: पाणी गढूळ असेल तर प्रकाश जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून त्याच्याआधी गाळणी चांगली पाहिजे, आणि दिवा दिसायला पेटलेला असला तरी काळाने कमजोर होतो, सांगितलेल्या मुदतीत बदला. यूएफला लाईट लागत नाही, पूर आलेल्या शहरात ही साधी गोष्ट नाही. विषाणू मात्र त्यातून सगळे अडतील असं धरू नका, म्हणून दोन्ही एकत्र म्हणतोय.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगलीत ज्याचा सर्व्हिसवाला फोन केल्यावर येतो आणि ज्याचे फिल्टर दुकानात सुटे मिळतात, तो घ्या. लिटरचं म्हणाल तर तिघांच्या घराला सात-आठ लिटरची टाकी भरपूर झाली.

पण मशीन घेण्याआधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा: बोअरची लाईन वेगळी करून संडास, गाड्या धुणं आणि झाडांना द्या, ओट्यावर फक्त महापालिकेचं पाणी येऊ द्या, आणि टाकी वर्षातून दोनदा धुवा, एकदा पावसाळा संपल्यावर. खर्चाला कुणी आडवं आलं तर प्रत्येक फ्लॅटच्या आरओची किंमत, वर्षाची सर्व्हिस आणि मेंब्रेनचे पैसे यांची बेरीज कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा. दाजींच्या गल्लीतल्या घरांची अशी बेरीज मी केली आहे. कागद अक्काकडे दिलाय. दाजींनी अजून तो वाचलेला नाही.