मेकॅनिकल इंजिनिअरला मानसशास्त्रात संशोधन करता येतं का? या क्षेत्रातले प्राध्यापक कुठून आलेले असतात आणि आपला विषय कसा ठरवतात?

येतं की. 'बीई झालंय, आता मानसशास्त्रवाले मला दारात तरी उभं करतील का' ही तुमची खरी धास्ती दिसतेय, म्हणून आधी मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचं नाव घेते. कक्कर मेकॅनिकल इंजिनिअरच होते, गुजरात विद्यापीठाचे. नंतर जर्मनीत मानहाइमला अर्थशास्त्र शिकले आणि परत आले. त्याच सुमारास प्रसिद्ध मनोविश्लेषक एरिक एरिक्सन गांधीजींवरच्या कामासाठी अहमदाबादला आले होते आणि कक्करांच्या नात्यातल्या कमला चौधरी यांच्याकडे उतरले होते. (कमलाताई स्वतः मिशिगनच्या पीएचडी, सामाजिक मानसशास्त्रातल्या. त्यांच्यावर कुणीतरी वेगळं उत्तर लिहा.) त्या ओळखीनं कक्करांची गाडी रूळ बदलून गेली. डॉक्टरेट अर्थशास्त्रातलीच, व्हिएन्नाची, पण पुढचं सगळं आयुष्य भारतीय बालपण, कुटुंब आणि श्रद्धा यांच्या मनोविश्लेषणात गेलं. आणि ज्या एरिक्सनमुळे हे झालं, त्यांच्याकडे तरी कुठं विद्यापीठाची पदवी होती? मूळचा चित्रकार माणूस, हार्वर्डला प्राध्यापक झाला. अर्थात तो जमाना वेगळा होता, आज तसं कुणी घेणार नाही.

विषय कसा ठरतो, हा तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. मी एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि वर्गात हमखास ऐकू येतं, 'ज्याला जो त्रास झाला त्यावरच तो पीएचडी करतो.' यात तथ्य आहे, पण अर्धंच. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलचं उदाहरण बघा.

हा १९१९ साली पोलंडमध्ये ज्यू घरात जन्मलेला मुलगा. फ्रान्समध्ये रसायनशास्त्र शिकत होता, तेवढ्यात युद्ध पेटलं. फ्रेंच सैन्यात गेला आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडला. ज्यू असल्याचं त्यानं लपवलं नाही, पण पोलंडचा असल्याचं लपवलं. फ्रेंच सैनिक समजून त्याला युद्धकैद्यांच्या छावणीत ठेवलं, म्हणून तो वाचला. सुटून आला तेव्हा घरचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. पुढं काही वर्षं युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी काम केलं आणि मग लंडनला बर्कबेक कॉलेजात, तिशी उलटल्यावर, मानसशास्त्राची पदवी घेतली.

आता अशा माणसानं कशावर संशोधन करावं? छावण्यांवर, असं कुणीही म्हणेल. त्यानं मोजल्या रेघा! १९६३ च्या एका प्रयोगात आठ रेघा होत्या. आखूड चार रेघांवर एक अक्षर, लांब चारांवर दुसरं. लोकांनी लांबीचा अंदाज सांगायचा, बस्स. अक्षरं लावली की दोन गटांमधला फरक लोकांना प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटू लागायचा. अक्षरं काढली किंवा लांबी न बघता कुठल्याही रेघेवर कुठलंही लावलं की तसं होत नसे. साध्या रेघांच्या बाबतीत हे होतं, तर 'आपले' आणि 'परके' अशी चिठ्ठी माणसांवर चिकटवल्यावर काय होत असेल?

ते त्यानं ब्रिस्टलला १९७० च्या आसपास शाळकरी पोरांवर तपासलं. पोरं चौदा-पंधरा वर्षांची, एकाच शाळेतली. त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठलं आवडतं ते विचारलं आणि 'तू क्लेवाला, तू कँडिन्स्कीवाला' असं सांगितलं. गट खरं तर वाटेल तसे पाडले होते. मग प्रत्येकानं एकट्यानं बसून, आकड्यांच्या जोड्या छापलेल्या तक्त्यातून निवड करत, इतर दोघांना पैसे वाटायचे. स्वतःला काहीच मिळणार नाही. गटात कोण आहे तेही माहीत नाही. समजा एका टोकाला आपल्यावाल्याला ७ आणि समोरच्याला १, दुसऱ्या टोकाला आपल्यावाल्याला १९ पण समोरच्याला २५. सरळ हिशेबानं १९ घ्यावेत ना? पोरांचा कल उलटा दिसला: आपल्यावाल्याला कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत. भावकीचा बांध ज्यानं जवळून पाहिलाय त्याला याचं नवल वाटणार नाही.

तेव्हा प्रश्न आयुष्यानं दिला असेल, पण तो सोडवायची रीत आकलनाच्या प्रयोगशाळेतून आली. (सोसलेला माणूस चांगलाच असतो असंही समजू नका. स्त्रियांशी केलेल्या गैरवर्तनामुळे युरोपातल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या पुरस्काराला दिलेलं त्याचं नाव काढून टाकलं.)

उलट कधी विषय कुठूनही येतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर अमेरिकेत बसून अफवांवरचं साहित्य चाळत होता. त्यात पाटण्याच्या जमुना प्रसादांनी १९३४ च्या बिहार भूकंपावर लिहिलेलं सापडलं. धक्का बसला पण पडझड झाली नाही, अशा भागातही याहून भयंकर संकट येणार अशा अफवा उठल्या होत्या. घाबरलेली माणसं आणखी घाबरवणारं का पसरवतील? फेस्टिंगरला वाटलं, भीती तर आधीच बसलीय, तिला साजेसं कारण ही माणसं शोधताहेत. एकमेकांशी न जुळणाऱ्या विचार-समजुतींमधल्या विसंगतीचा (कॉग्निटिव्ह डिसोनन्स) जो सिद्धांत त्यानं १९५७ मध्ये मांडला, त्याची ठिणगी ही. त्याचा भूकंपाशी वैयक्तिक संबंध शून्य.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, एखाद्या प्राध्यापकाच्या पानावर 'ताण, आत्मसन्मान, किशोरवय' अशी यादी दिसली तर त्यावरून मार्गदर्शक ठरवू नका. त्यांचे दोन-तीन पेपर काढा आणि पद्धतीचा भाग वाचा: कुणाला बोलावलं, काय मोजलं, कशानं मोजलं. तिथं तुमचं डोकं चाललं तर ईमेल करा. आयआयटी मुंबईचा मानव्यविद्या विभाग आणि आयआयटी कानपूरचा संज्ञान विज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स) विभाग आधी बघा. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर ते लपवू नका, आमच्याकडे त्याचाच दुष्काळ आहे. फक्त पेशंट बघायचे मनात असेल तर ही वाट नाही. क्लिनिकलचा अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हे प्रकरण पूर्ण वेगळं आहे.