ॲनिलीन कसे तयार होते, आणि रंगांखेरीज ते कोठे वापरले जाते का?

आपण रंगांखेरीज उपयोग विचारला आहे. वस्तुस्थिती अशी की, रंगनिर्मिती हा आज ॲनिलीनचा दुय्यम उपयोग उरला आहे. जगातील बहुतांश ॲनिलीनची आधी फॉर्मॅल्डिहाइडशी आणि मग फॉस्जीनशी प्रक्रिया करून एमडीआय हे रसायन बनवतात, आणि त्यापासून पॉलियुरेथेनचा ताठ फोम तयार होतो. फ्रीजच्या भिंतींतील उष्णतारोधक थर सामान्यतः याच फोमचा असतो. उरलेले ॲनिलीन रबर, तणनाशके, औषधे आणि रंग यांच्या कारखान्यांकडे जाते.

शुद्ध ॲनिलीन हा रंगहीन, तेलकट द्रव आहे. तो १८४ अंश सेल्सिअसला उकळतो आणि हवा व प्रकाश लागल्यास पिवळट, पुढे तपकिरी होतो.

निर्मितीसाठी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाने बेंझिनचे नायट्रोबेंझिन करतात आणि उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. या दुसऱ्या टप्प्यात प्रचंड उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ती अखंडपणे काढून घेणे हेच संयंत्राच्या रचनेतले खरे कौशल्य आहे, असे मी मानतो. पूर्वी हायड्रोजनऐवजी लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरत. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्यात नायट्रोबेंझिन आणि ॲनिलीन तयार होत असे.

रंगांचा इतिहास मात्र विसरता येत नाही. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ क्विनीन हे हिवतापावरील औषध बनवू पाहत होता आणि हाती ॲनिलीनपासून जांभळा रंग आला. त्याच्या ॲनिलीनमध्ये टोल्युइडीन या त्याच्याशी मिळत्याजुळत्या रसायनाची भेसळ नसती, तर तो रंग तयारच झाला नसता.

आपण हे रसायन हाताळणार असाल, तर एक गोष्ट कळकळीने सांगतो: ते श्वासाप्रमाणेच जखम नसलेल्या त्वचेतूनही शरीरात शिरते. शरीरात त्याच्यापासून बनणारी द्रव्ये हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण करतात, त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि ओठ व नखे निळसर पडतात. ही लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात, म्हणून अंगावर सांडल्यास कपडे तत्काळ उतरवून त्वचा साबणाने व भरपूर पाण्याने धुवावी आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे. तेथे उतारा म्हणून मिथिलीन ब्ल्यू देतात, जो स्वतः ॲनिलीनपासून मिळणाऱ्या डायमिथाइलॲनिलीनमधून प्रथम बनवलेला रंग आहे. जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना तो घातक ठरू शकतो, तेव्हा तशी नोंद असल्यास ती डॉक्टरांना आधीच सांगावी.