वर्क परमिट आले, पण बोटांचे ठसे कोणी घेतलेच नाहीत

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील वेल्डर आहे. पुण्यातील एका कन्सल्टन्सीने कॅनडात नोकरी लावून देतो म्हणून माझ्याकडून दीड लाख रुपये घेतले. त्यातील 40 हजार यूपीआयने एका इसमाच्या वैयक्तिक खात्यावर दिले, बाकीचे रोख. रोखीची पावती नाही. मूळ पासपोर्ट आणि सही केलेले दोन कोरे चेक त्यांच्याकडेच आहेत. बोटांचे ठसे देण्यासाठी मला आजवर कोठेही बोलावलेले नाही, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर माझा फोटो असलेले वर्क परमिट आले आहे. आता ‘एलएमआयए फी’चे साडेतीन लाख आठ दिवसांत न भरल्यास फाइल रद्द होईल आणि करारानुसार आधीचे पैसेही परत मिळणार नाहीत, असे ते सांगतात. पैसे भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. आपण वर्णन केलेला कागद बनावट आहे, असे मानण्यास पुरेसा आधार आपल्या पत्रातच आहे. कॅनडाच्या वर्क परमिटसाठी भारतीय अर्जदाराला व्हिसा अर्ज केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावे लागते आणि मागील 10 वर्षांत ते दिलेले नसल्यास अर्ज मंजूर होत नाही. मंजुरी मिळाली तरी भारतात हाती पडते ते मंजुरीपत्र आणि पासपोर्टवरील व्हिसा. प्रत्यक्ष परमिट कॅनडात उतरल्यावर तेथील अधिकारी देतो. पासपोर्ट पुण्यातील कपाटात आणि परमिट आपल्या मोबाइलवर, हे एरवी घडत नाही.

ज्या ‘फी’साठी तगादा आहे, ती तर आपण देणे लागतच नाही. परदेशी कामगार नेमण्यासाठी कॅनडातील मालकाला तेथील सरकारकडून जो अनुकूल अभिप्राय घ्यावा लागतो, तो म्हणजे एलएमआयए. अर्ज मालकाचा, प्रत्येक पदामागे 1,000 कॅनेडियन डॉलरचे शुल्कही त्याचेच, आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास त्याला मनाई आहे.

आता भारतीय कायदा. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला उत्प्रवास अधिनियम, 1983 च्या कलम 10 नुसार नोंदणी प्रमाणपत्र बंधनकारक आहे. भिंतीवर लावलेले शॉप अ‍ॅक्ट लायसन्स किंवा जीएसटीचे प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. ‘आम्ही फक्त व्हिसाचे काम करतो’ हा बचाव नेहमीचाच आहे; परंतु ज्याने नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन दिले, त्याने भरतीचेच काम केले. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते, तीत हे नाव शोधावे. नाव सापडले तरी नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

करारातील ‘पैसे परत मिळणार नाहीत’ या कलमाची धास्ती घेऊ नये. फसवून संमती मिळवलेला करार, करार कायद्याच्या कलम 19 नुसार आपल्याला रद्द करता येतो.

मला अधिक काळजी वाटते ती कोऱ्या चेकची. त्यावर हवी ती रक्कम लिहून चेक वटवण्याचा प्रयत्न होऊ शकतो. म्हणून बँकेला आजच लेखी कळवून ‘स्टॉप पेमेंट’ करावे, कारण नमूद करावे आणि पोच घ्यावी. एवढ्याने चेक न वटल्याबद्दलची, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खालील तक्रार टळतेच असे नाही. चेक न वटल्याची नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर द्यावे, गप्प बसू नये. पासपोर्ट ही कायद्याने केंद्र सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवण्याचा एजंटाला अधिकार नाही; नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवून तो परत मागावा.

त्याचबरोबर पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्यावी. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीचे कलम 318(4), बनावट दस्तऐवजासाठी 336 व 340 आणि उत्प्रवास अधिनियमाचे कलम 24 यांचा तीत उल्लेख करावा. या अधिनियमाखालील खटल्यास एरवी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. तक्रार स्वतः इच्छुक उत्प्रवाशाने, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने, केल्यास ती लागत नाही, म्हणून फिर्याद आपल्याच नावाने असावी. फिर्याद नोंदवण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, तेथेही दाद न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. यूपीआयचा व्यवहार आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण हाच आपला मुख्य पुरावा असल्याने तो मोबाइल विकू, बदलू किंवा फॉरमॅट करू नये.

आपल्या नावाने कॅनडाकडे खरोखर अर्ज गेला आहे का, हेही एजंटाकडे लेखी विचारावे आणि अर्ज क्रमांक मागावा. खोटी कागदपत्रे जोडून अर्ज गेला असल्यास जबाबदारी अर्जदारावर येते आणि 5 वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. तसे आढळल्यास तेथील इमिग्रेशन विभागाला फसवणुकीची माहिती आपण होऊन द्यावी.

फिर्याद होताच बहुधा तडजोडीचा निरोप येईल. रक्कम डिमांड ड्राफ्टने, पासपोर्ट आणि दोन्ही चेक हातात पडेपर्यंत ‘माझी तक्रार नाही’ अशा कोणत्याही स्टॅम्पपेपरवर सही करू नये.